वसतिगृहाच्या पत्त्यावर पत्र यावे म्हणून

घर सोडून शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या फोनवर दिवसभर संदेश येत असतात, तरीही ओळखीच्या अक्षरात आपले नाव लिहिलेले पाकीट हाती पडल्यावर जो आनंद होतो तो त्या संदेशांतून मिळत नाही. कोणीतरी इतर कामे बाजूला ठेवून, निवांत बसून, केवळ आपल्यासाठी काही लिहिले आहे हे पाकीट फोडण्याआधीच कळलेले असते. मात्र हा आनंद नशिबावर सोडून देता येत नाही. ज्यांना नियमित पत्रे येतात त्यांनी बहुधा ती यावीत अशी व्यवस्था केलेली असते, आणि थोडी चिकाटी असेल तर कोणत्याही विद्यार्थ्याला ती करता येते.

सर्वांत आधी आपला पत्ता नीट समजून घ्यावा. बहुतेक वसतिगृहांत टपाल थेट खोलीवर येत नाही. ते फाटकावर, कार्यालयात किंवा एखाद्या सामाईक कपाटात ठेवले जाते आणि तेथून ज्याचे त्याने घ्यायचे असते. म्हणून पहिल्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन नेमका पत्ता कसा लिहायचा, आलेले टपाल कोठे ठेवले जाते आणि सही करून घ्यायचे टपाल आपल्या अनुपस्थितीत कोण स्वीकारते, हे विचारून घ्यावे. पाकिटावर महाविद्यालयाच्या नोंदवहीत आहे तेच पूर्ण नाव असावे, कारण टपाल वेगळे करणाऱ्या माणसाला तुमचे घरचे लाडके नाव ठाऊक नसते आणि अशी पत्रे कपाटात पडून राहतात. नावाखाली खोली क्रमांक, इमारत, वसतिगृह, महाविद्यालय, शहर आणि टपाल खात्याचा सांकेतिक क्रमांक हा क्रम ठेवावा. परदेशातून पत्र येणार असेल, तर शेवटच्या ओळीत देशाचे नाव ठळक अक्षरांत आणि पत्र जेथून निघणार तेथील टपाल कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असावे.

पत्ता फोनवर कळवला की काम झाले असे समजू नये. आजी, आजोबा, मावशी, जुने शिक्षक यांना पत्र लिहायची इच्छा असते; अडचण येते ती लांबलचक पत्ता उतरवून घेण्याची आणि तिकिटासाठी बाहेर पडण्याची. सुट्टीवरून परत निघताना स्वतःचा पत्ता लिहिलेली, तिकिटे लावलेली चार-पाच पाकिटे त्यांच्या हाती ठेवावीत. पत्र ज्या देशातून टाकले जाणार, तिकीट त्याच देशाचे लागते, एवढे लक्षात ठेवावे. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल केला जाई. तेथील टपालव्यवस्थेत रोलंड हिल यांनी सुचवलेल्या सुधारणांनंतर त्या वर्षीच्या १ मे रोजी ‘पेनी ब्लॅक’ हे गोंद लावलेले तिकीट विक्रीस आले आणि खर्च पाठवणाऱ्याने आधीच भरण्याची पद्धत रूढ झाली. स्वतः तिकीट लावून दिलेल्या पाकिटात तो जुना भार घेणारा आपणहून उचलतो, आणि उत्तर येण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ वाढते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे: पहिले पत्र तुम्ही लिहावे. वाट पाहत बसणाऱ्याला सहसा पत्र येत नाही. पण कोणतेही पत्र उत्तर घेऊन येतेच असे नाही, आणि उत्तर आणणारे पत्र लिहिणे ही शिकता येणारी गोष्ट आहे. ‘मी मजेत आहे, तुम्ही कसे आहात’ एवढ्यावर संपणाऱ्या पत्राला काय उत्तर द्यावे हे वाचणाऱ्याला सुचत नाही. त्याऐवजी फक्त त्याच व्यक्तीला देता येईल असे उत्तर मागणारा प्रश्न विचारावा. वडील विद्यार्थी असताना कोणत्या विषयाला घाबरत असत, आजीने घराबाहेर काढलेली पहिली रात्र कशी गेली, दुसऱ्या शहरात शिकणाऱ्या मैत्रिणीच्या वर्गात सर्वांत विचित्र प्रश्न कोण विचारते, असे प्रश्न समोरच्याला आठवायला लावतात आणि आठवू लागलेला माणूस आपोआप लिहू लागतो. एका पत्रात असे दोन प्रश्न पुरेत. अधिक विचारले तर पत्र चौकशीच्या अर्जासारखे वाटू लागते.

स्वतःविषयी लिहिताना मोठ्या बातम्यांची गरज नसते, कारण त्या फोनवर आधीच पोहोचलेल्या असतात. पत्रात लहान गोष्टींना जागा द्यावी: खिडकीतून दिसणारे झाड, खोलीतल्या सोबत्याची पहाटे मोठ्याने पाठांतर करण्याची सवय, एखाद्या तासाला अचानक उलगडलेली संकल्पना, ग्रंथालयातली आपली ठरलेली जागा. घरच्यांना तुमच्या दिवसाचे चित्र डोळ्यांसमोर आणता आले की तेही आपल्या दिवसाचे चित्र उलट पाठवतात. घरची आठवण येत असेल तर तेही लिहावे. ते लपवून लिहिलेल्या पत्राला तितकेच कोरडे उत्तर येते. मात्र तातडीची अडचण, प्रकृतीची तक्रार किंवा पैशांची निकड पत्रात घालू नये, कारण पत्र पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते आणि वाचणारा विनाकारण काळजीत पडतो. पत्रावर तारीख अवश्य घालावी.

लांबीचे दडपण घेऊ नये. ८० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा एक ए४ कागद ५ ग्रॅम भरतो, आणि अनेक देशांत साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. म्हणजे तीन कागद आणि एक हलके पाकीट बहुधा त्या मर्यादेत बसते, आणि दोन्ही बाजूंनी लिहिले तर सहा पाने होतात. इतके लिहायला कोणी सांगितलेले नाही. ए४ कागद दोनदा अर्ध्यात दुमडला की सी६ आकाराच्या पाकिटात नीट बसतो. ज्या आठवड्यात एक पानही होणार नाही, त्या आठवड्यात पोस्टकार्ड टाकावे. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने पहिले अधिकृत पोस्टकार्ड काढले, ते थोडक्यात निरोप कळवण्यासाठीच. त्यावर पाच ओळी लिहिल्या तरी कार्ड भरलेले दिसते. कार्डावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो, याचे भान मात्र ठेवावे.

पत्रव्यवहार तुटतो तो बहुधा उत्साह ओसरल्यामुळे, म्हणून त्याला सुरुवातीपासून झेपेल अशी लय द्यावी. केंब्रिजमधून नुकताच बाहेर पडलेला २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन डिसेंबर १८३१मध्ये ‘बीगल’ जहाजातून सागरी प्रवासाला निघाला, तेव्हा कॅरोलिन, सुझन आणि कॅथरिन या त्याच्या बहिणी आळीपाळीने त्याला पत्रे लिहीत असत. ही पद्धत आजच्या घरालाही सुचवण्याजोगी आहे. एका महिन्यात आईने, पुढच्या महिन्यात भावाने, त्यानंतर काकांनी लिहावे असे ठरले की कोणा एकावर भार पडत नाही आणि विद्यार्थ्याला वेगवेगळ्या अक्षरांतली, वेगवेगळ्या स्वभावांची पत्रे येतात. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या तारखा सत्राच्या आरंभीच सर्वांना कळवाव्यात. माझ्या मते परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात आलेले पत्र वर्षभरातल्या कोणत्याही पत्राहून अधिक बळ देते, आणि वसतिगृह रिकामे झाल्यावर पोहोचलेले पत्र पाहून सर्वांत जास्त वाईट वाटते.

पार्सलविषयी थोडक्यात सांगायचे, तर आतील वस्तू हलणार नाही इतके भरणसामान घालावे, पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवावी आणि दुसऱ्या देशात पाठवायचे असल्यास सीमाशुल्काचा अर्ज खरा व स्पष्ट भरावा. रोख रक्कम आणि मूळ प्रमाणपत्रे साध्या टपालाने पाठवू नयेत.

पत्र हाती आल्यावर ते जिन्यातच फोडण्याचा मोह होतो. शक्य असेल तर तासिका आणि कामे संपवून, स्वस्थ बसून वाचावे. दिवसभर खिशात न उघडलेले पत्र असण्यातही एक सुख आहे. मिळाल्याची तारीख पाकिटावर नोंदवून ठेवावी, म्हणजे पत्राला किती दिवस लागतात याचा अंदाज येतो आणि पुढचे पत्र वाढदिवसाला वेळेवर पोहोचवता येते. पाठवणाऱ्याला ‘पत्र मिळाले’ एवढा संदेश फोनवर जरूर द्यावा, पण त्यातील मजकुरावर तेथे बोलत बसू नये. सगळे बोलून झाले की उत्तरात लिहायला काही उरत नाही. उत्तर दोन आठवड्यांच्या आत जावे. लिहायला बसताना आलेले पत्र समोर उघडून ठेवावे आणि त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले आहे ना हे पाहावे. आपले लिहिणे कोणी लक्ष देऊन वाचले, हे कळण्याइतके दुसरे काहीही पत्रलेखकाला पुढच्या पत्रासाठी उद्युक्त करत नाही.

घरी लिहिणारे कोणी नसेल किंवा त्यांना लिहिता येत नसेल, तर इतर वाटा आहेत. दुसऱ्या महाविद्यालयात गेलेल्या शाळासोबत्याशी पत्रव्यवहार उत्तम चालतो, कारण दोघांचीही नवलाई आणि एकटेपण सारखेच असते. २००५मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंग या उपक्रमात तुम्ही अनोळखी पत्त्यावर पोस्टकार्ड पाठवता आणि ते पोहोचल्याची नोंद झाली की दुसऱ्याच कोणाकडून तुम्हाला कार्ड येते. आपल्याच मजल्यावर ज्याच्या नावाचे कधी काही येत नाही असा विद्यार्थी असेल, तर त्याच्या नावाने टपालपेटीत एक पत्र टाकावे. खोली दहा पावलांवर असली तरी ते टपालानेच जावे.

शिक्षण संपवून वसतिगृह सोडण्याच्या किमान महिनाभर आधी सर्व पत्रमित्रांना नवा पत्ता कळवावा. तो अजून ठरला नसेल तर घरचा पत्ता द्यावा, आणि मागाहून येणारी पत्रे तेथे पाठवण्याची विनंती लेखी स्वरूपात, काही तिकिटांसह, वसतिगृहाच्या कार्यालयात देऊन ठेवावी.