सेन्सर चांगला, तरी रीडिंग खोटं

ट्रकच्या इंजिनावर काम शिकायला लागलात की हवेच्या तापमानाचा सेन्सर लवकरच हातात येतो. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून, म्हणजे ती थंड करणाऱ्या जाळीतून, निघाल्यावर किती गरम आहे, हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो. आत थर्मिस्टर असतो; तो जितका तापेल तितका त्याचा रेझिस्टन्स उतरतो. मी ज्यावर शिकलो तो 20 अंशांना 2500 ओहम, 40 ला बाराशेच्या आत आणि 80 ला जेमतेम 320 दाखवायचा.

माझ्याकडे आलेला ट्रक चढावर काळा धूर ओकत होता. सेन्सर काढला, टोक गरम पाण्यात धरलं, शेजारी थर्मामीटर. आकडे बरोबर. (दाबाचा सेन्सर त्यातच असेल, तर तो पाण्यात बुडवू नका.) इग्निशन चालू करून कनेक्टरवर मल्टीमीटर लावला, 5 व्होल्ट पूर्ण. म्हणजे वायरिंगही ठीक, असं मी ठरवून टाकलं आणि दोन दिवस इंजेक्टरच्या मागे लागलो.

चूक तिथेच झाली. मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे मध्ये हजार-दीड हजार ओहमचा अडथळा असला तरी तो 5 व्होल्टच दाखवतो. उस्तादांनी सांगितलं, "सेन्सर जोडलेला ठेव, इग्निशन बंद कर, ईसीयूचं कनेक्टर काढ आणि तिथून मोज." मोजलं, तर 1300 ओहम जास्त! तार सोलली तेव्हा पिनच्या मागे, जिथे ती दाबून बसवतात, तिथे तांब्यावर हिरवा थर चढलेला दिसला. नखाने खरवडला तर तारेचे दोन-तीन धागे तुटूनच आले.

त्या 1300 ओहममुळे 20 अंशांची हवा ईसीयूला 10 ची वाटत होती, हे एक वेळ खपतं. पण 80 अंशांची हवा त्याला 30 ची वाटत होती. हवा थंड म्हणजे दाट, म्हणून तो डिझेल जास्त सोडत होता आणि ते जाळायला हवाच पुरत नव्हती. नवी पिन बसवल्यावर धूर थांबला.

या वायरीत रेझिस्टर घालून 'पॉवर वाढवून' देणारे तुम्हाला भेटतील. ती गंजलेली पिन जे करत होती तेच ते पैसे घेऊन करतात. शिवाय हवा खरंच तापली की डिझेल आवरायचं, हे ईसीयूचं कामही बंद पडतं. मी ते कुणालाच करून देत नाही. करायचाच बदल असेल, तर सेन्सरवरची तेलकट काजळी साफ करा, इंटरकूलरच्या जाळीतला कचरा काढा, पाइपची गळती शोधा. हवा खरोखर थंड होऊ द्या.

आता रात्रभर उभी असलेली गाडी आली की स्टार्ट करण्याआधी मी स्कॅनरवर कूलंट, आत येणारी हवा आणि बाहेरची हवा हे तीन आकडे बघतो. ते जवळपास सारखे असायला हवेत. उणे 40 दिसलं तर सहसा तार तुटलेली असते, ते लगेच कळतं. आठ-दहा अंशांचा फरक दिसला, की मी थेट ईसीयूच्या टोकाकडून मोजायला घेतो.