लेकरं घेऊन उन्हाळ्यात फिरायचं तर परतीची वेळ आधी ठरवा

मे महिन्यात संभाजीनगरात बाहेर जायचं नाव काढलं की आमच्या सासूबाई विचारतात, "एवढ्या उन्हाचं कुठं?" त्यांचं खरंय. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण नऊ वर्षांची पोरगी आणि पाच वर्षांचा पोरगा दीड महिना कूलरपुढं कोंडले, तर ते घर डोक्यावर घेतात. त्यामुळं आम्ही जातोच. फक्त निघायच्या आधी परत कधी यायचं ते ठरवतो. सकाळी गेलो तर साडेदहाला घरात. मग एखादं ठिकाण अर्धं राहिलं तरी राहू द्यायचं.

दुसरा नियम माझा घरगुती आहे. दगड बघायचा तो सकाळी, संध्याकाळी गवत. आपल्याकडं सगळा काळा पाषाण. दिवसभर तापतो आणि ऊन उतरल्यावरही भट्टीसारखा झळा मारत राहतो. सहा वाजता ऊन नाही म्हणून किल्ला नाहीतर लेणी गाठली की फसलात. रात्रभर निवलेला दगड पहाटे मात्र हाताला गार लागतो.

वेरूळचंच घ्या. शहरापासून तीसेक किलोमीटर. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणजे सकाळी डोंगराचीच सावली मिळते आणि दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं. चौतीस लेणी आहेत, पण लेकरांसोबत चौतीस बघायला जाऊ नका, दोन पुरेत. आधी सोळा नंबरचं कैलास, कारण त्याचं अंगण उघडं आहे, ऊन वर आलं की तिथं थांबवत नाही. पोरांना इतिहास सांगत बसू नका, हत्ती मोजायला लावा. देवळाच्या जोत्याला सगळीकडून हत्ती आहेत, आमच्या दोघांचा आकडा कधीच जुळत नाही. मग दहा नंबर, सुतार झोपडी. आत गारवा असतो आणि छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्यात. तिथं बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खायचा मोह होतो. तो बाहेर झाडाखाली भागवा.

जोडून घृष्णेश्वर करणार असाल, तर पिशवीत सुती मोज्यांचे जोड ठेवा. एकदा एका देवळाच्या आवारात अकरा वाजता चपला काढल्या आणि पोरगा फरशीवर असा नाचायला लागला की लोक हसत होते. मी त्याला कडेवर घेतलं, पण मग माझे पाय भाजले.

पाणी घरूनच न्यायचं. बाटली स्टीलची, आणि तिच्यावर बाबांचा जुना सुती मोजा चढवून तो ओला करायचा. आपली हवा कोरडी, मोज्यातलं पाणी भराभर उडतं आणि उडताना बाटलीची उष्णता घेऊन जातं. माठाचं तेच, कूलरचंही तेच. हे काम आता पोरगी करते. मोजा सुकला की ओरडते, आणि त्या निमित्तानं दोघंही दोन घोट पितात. तहान लागली का असं लेकरांना विचारू नका, खेळात त्यांना कळत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी हातात बाटलीच द्या. ओली दस्ती मानेला, डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचं सैल सुती.

खायला धपाटे, दशम्या, काकडी. बटाट्याची भाजी नको, उन्हात लगेच आंबते.

गेल्या वर्षी मीच माझा नियम मोडला. देवगिरी किल्ल्यावर मेंढा तोफ, मग अंधारी म्हणजे तिथला काळोखा भुयारी रस्ता, असं करत साडेअकरा वाजले, आणि उतरताना पोराचा घोळणा फुटला. मी घाबरून त्याची मान मागं केली, जी करायची नसते. रक्त घशात जातं, पोर ओकतं. बसवून पुढं वाकवायचं, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत दाबून दहा मिनिटं सोडायचं नाही, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं. कांदा हुंगवून काही होत नाही, सासूबाई काहीही म्हणोत.

लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. डोकं दुखणं, मळमळ, पोर उगाच चिडणं दिसलं की सावलीत नेऊन ओआरएस द्या. पाकीट एक लिटरचं असेल तर लिटरभर पाण्यात अख्खंच टाका, अर्धं-पाव नको. डब्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पोर असंबद्ध बोलायला लागलं, झोपाळलं, अंग तापून भट्टी झालं, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी मारत वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि उभ्या गाडीत लेकरू ठेवून "आलेच दोन मिनिटांत" कधीच नको. काचा बंद असल्या की दहा मिनिटांत आत दहा अंश वाढतात.

संध्याकाळी साडेपाचनंतर आम्ही सिद्धार्थ उद्यानात नाहीतर कॉलनीतल्या बागेत जातो. लोखंडी घसरगुंडीला आधी आपल्या हाताची मागची बाजू लावून बघायची. चटका बसला तर पोरांना गवतावर सोडायचं. परतताना रसवंतीचे घुंगरू ऐकू आले की पुढं पाऊल पडत नाही. मी बर्फ टाकू देत नाही, त्यावरून रोज भांडण.

आणि हो, वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. पहाटे चारला उठून, दशम्या बांधून, बंद दारासमोर उभं राहून मी हे शिकलेय.