अ‍ॅम्बेसिडरचे बसलेले पाटे पुन्हा कमानीत कसे आणायचे

गाडी रिकामी असतानाही अ‍ॅम्बेसिडर मागून टेकलेली दिसू लागली, की सांगलीत पहिला सल्ला मिळतो : "एक पाटा वाढवून घ्या." पाटा म्हणजे गाडीचा भार झेलणारी वाकलेली पोलादी पट्टी, लीफ स्प्रिंग. अशा लहान-मोठ्या पट्ट्या एकावर एक बांधून एका बाजूचा संच होतो. सल्ला देणाऱ्याचा दोष नाही. इथल्या पाटेवाल्याचा हात ऊस वाहणाऱ्या ट्रक-ट्रॉलीवर बसलेला. त्याच्या लेखी पाटा म्हणजे वजन पेलायची वस्तू. अ‍ॅम्बेसिडरच्या पाट्याचं अर्धं काम मात्र लवायचं आहे. जादा पाटा घातला की गाडी उंच होते, आणि मागच्या सीटवर बसलेल्याला विश्रामबागपासून मिरजेपर्यंतचा प्रत्येक खड्डा मोजता येतो.

१९५८ ते २०१४ या काळात निघालेल्या या गाडीला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या असतात, पाटे फक्त मागे. त्यामुळे काम दोनच संचांचं आहे. पद्मिनी मोटारीच्या मागच्या पाट्यांनाही हीच रीत चालते.

आधी दुखणं ओळखा

सपाट जागेवर गाडी रिकामी उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. दोन्हीकडे सारखीच खाली असेल तर पाट्यांची कमान, म्हणजे त्यांचा बाक, उतरली आहे. एकीकडेच खाली असेल तर त्या बाजूचा एखादा पाटा तुटलेला असू शकतो. उंची ठीक, पण गाडी दगडासारखी कडक आणि पाट्यांची करकर, असं असेल तर पाटे गंजून एकमेकांना धरून बसले आहेत. खड्ड्यात ठकठक आवाज येत असेल तर बुश, म्हणजे पाट्याच्या टोकांना बोल्टभोवती बसणाऱ्या रबरी नळ्या, पाहा.

२००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर मोजमापात फार वेळ घालवू नका, पाटे उघडाच. कृष्णेचा बारीक गाळ पाट्यांच्या फटीत शिरतो आणि ओल धरून ठेवतो. वरून पाइप मारून तो निघत नाही.

पाटे उतरवणं

दोन दिवस आधीपासून पाटा अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टांच्या आणि शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) नटांवर डिझेल सोडत राहा. जुन्या अ‍ॅम्बेसिडरचे बरेच नट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना "जवळपास बसतो" म्हणून लावला की नटाचे कोपरे गेले म्हणून समजा.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. या गाडीला वेगळी चासी नाही, म्हणून स्टँड पत्र्याला न लावता, पाट्याच्या पुढच्या बैठकीपाशी बॉडीचा जो मजबूत भाग आहे तिथे लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. अ‍ॅक्सलला वेगळा जॅक द्या, शॉकअ‍ॅब्सॉर्बर खालून सोडवा आणि ब्रेकच्या रबरी नळीवर अ‍ॅक्सलचा भार येत नाही ना ते बघा. पाटा काढण्याआधी पुढच्या टोकाला रंगाने खूण करा. मधला बोल्ट बरोबर मध्यावर असेलच असं नाही, आणि संच उलटा बसला तर अ‍ॅक्सल सरकतो.

संच उघडताना

बांधलेल्या संचात ताण असतो. मधल्या सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना दणकट सी-क्लॅम्प लावूनच त्याचा नट काढा, मग क्लॅम्प थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. चेहरा पाट्याच्या रेषेत नको.

पाटे आले त्याच क्रमाने जमिनीवर मांडा, फोटो काढा. वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज काढा. साफ झाल्यावर दिसेल की खालच्या पाट्याचं टोक जिथे टेकतं तिथे वरच्या पाट्यात खाच पडली आहे. खाच उथळ असेल तर लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत करा, आडवं ग्राइंडर मारू नका. आडव्या ओरखड्यातूनच पुढे चीर सुरू होते. खोल असेल तर तो पाटा बाद.

चिरेसाठी लोहारशाळेतली जुनी युक्ती अजून उत्तम आहे. पाटा रॉकेलने ओला करा, कोरडा पुसा, वर खडूची भुकटी लावा. चीर असेल तिथे रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि मेन, म्हणजे सगळ्यात वरच्या लांब पाट्याच्या टोकाशी वळवलेल्या डोळ्यापाशी विशेष बघा. चिरलेल्या पाट्याला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

कमान देणं

हे काम पाटेवाल्याचंच. कारखान्यांचा हंगाम सुरू असताना त्याच्याकडे जाऊ नका, ट्रॉल्यांच्या रांगेत तुमच्या गाडीला कोण विचारतो? पावसाळ्यात तो निवांत असतो.

पाट्याच्या दोन टोकांना दोरी ताणून मध्यापर्यंतची खोली मोजली की कमान कळते. थोडीच उतरली असेल तर थंड कमान पुरते. पाट्याची पोकळ बाजू वर ठेवून, दोन आधारांवर, जवळजवळ अंतराने हलके घाव घालत जायचं. एकाच जागी जोर लावला तर तिथे कोन पडतो. दोन्ही बाजूंचे संच एकाच मापाला आणा, आणि मापापेक्षा किंचित जास्त कमान मागा, कारण थंड दिलेली कमान काही दिवसांत थोडी बसते.

एक गोष्ट मिस्त्रीला नीट विचारा. प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त वाकलेला हवा. मोकळे एकावर एक ठेवले तर टोकं टेकतात आणि मध्ये बारीक फट राहते. बोल्ट आवळला की ती मिटते आणि टोकं घट्ट दाबून बसतात. टोकं उघडी राहिली तर तो पाटा नुसता बसून खातो, भार मेन पाट्यावर येतो.

फार उतरलेला पाटा तापवून वाकवावा लागतो. स्प्रिंग स्टील साडेआठशे-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत भट्टीत सबंध तापवून, तेलात विझवून, पुन्हा सुमारे साडेचारशे-पाचशे अंशांवर टेंपर करावं, म्हणजे ठिसूळपणा घालवून लवचीक करावं लागतं. ज्याच्याकडे अशी भट्टी नाही, त्याने गॅसच्या ज्योतीने एकाच जागी लाल करून वाकवलं, तर त्या जागेचा टेंपर गेला. त्यापेक्षा नवा पाटा कापून घेतलेला स्वस्त पडतो.

पुन्हा बांधणी

पाट्यांच्या आतल्या बाजूंना ग्रेफाइट ग्रीसचा पातळ हात फिरवा. थापू नका. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणानेच उसळी थोडी दबते, आणि जादा ग्रीसला धूळ चिकटते. रंग बाहेरच्या कडांना पुरे. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि बुश नवेच घ्या, इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. रबरी बुश बसवताना ग्रीस किंवा डिझेल वापरू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी लावा.

सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बरोबर बसलं की यू-बोल्ट कोपऱ्या-कोपऱ्याने आळीपाळीने आवळा. पाट्याच्या डोळ्याचा आणि शॅकलचा बोल्ट मात्र हातानेच ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चारदा दाबा, मग आवळा. गाडी लटकती असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, कारण नव्याने बांधलेले पाटे बसतात तसे ते सैल होतात. चाकापासून मडगार्डपर्यंतची उंचीही तेव्हाच पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंत बोटभर फरक दिसला तर संच अजून मिस्त्रीच्या ओळखीतला असतानाच परत न्या.