विणकराचे पैसे आधी: नागपुरात स्लो फॅशनचा व्यवसाय उभा करताना

या व्यवसायात यायचं म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्या मुलींकडे डिझाइनची वही असते, ब्रँडचं नाव ठरलेलं असतं, फोटो कुठे काढायचे तेही ठरलेलं असतं. मी त्यांना आधी एकच विचारते: विणकराला आणि शिवणाऱ्या बाईला पैसे कोणत्या तारखेला देणार, आणि तेव्हा तुमचा माल विकला गेलेला नसला तर कुठून देणार? याचं उत्तर तयार असेल तर बाकी सगळं शिकता येतं.

‘स्लो फॅशन’ म्हटलं की लोकांना मातकट रंगाचे सैल कुर्ते आठवतात. पण हा शब्द २००७ च्या सुमारास ब्रिटनमधल्या फॅशन-संशोधक केट फ्लेचर यांनी रूढ केला, तेव्हा रोख कपडा कसा बनतो, कोण बनवतं आणि किती वर्षं टिकतो यावर होता. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक जण कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. ‘एथिकल’ हा शब्द टॅगवर लिहिताना मला ती घटना आठवते. आणि आपल्या गावातलंही एक उदाहरण आठवतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ लागले, आणि हे सगळं कायदा मागे लागण्याच्या कितीतरी आधी. मिल राहिली नाही, पण कापडाच्या धंद्यात माणसाचा हिशेब आधी धरायचा, हे नागपूरला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही.

आता कापडाकडे येते, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडतो. आपण कापसाच्या प्रदेशात राहतो, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे, तरी हातमागासाठी लागणारं सूत बहुतेक वेळा बाहेरूनच येतं. भंडारा जिल्ह्यात आंधळगाव, मोहाडी, पवनी इकडे टसर (रानातल्या किड्यांचं रेशीम) आणि करवत काठी विणणारी घरं आहेत. करवत काठी म्हणजे जिच्या काठाची कड करवतीच्या दातांसारखी दिसते ती साडी. त्यासाठी तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधनं) चालतात, दोन्ही काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. म्हणून ती विण वेळ खाते आणि म्हणून ती महाग असते. पहिल्यांदा मागावर जाल तेव्हा कापड विकत घ्यायची घाई करू नका. बसा, चहा घ्या, विण बघा, घरातलं कोण काय काम करतं ते विचारा. धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच बिलावर येत नाही, मजुरी ठरवताना तिचा वेळ धरलेला आहे का ते तुम्हीच विचारायचं.

एका वयस्कर विणकरकाकांनी माझी डिझाइनची फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ताई, डिझाइन मंग पाहू. पयले सांगा, सूत कोन आननार?” धंद्याचा अर्धा भाग या प्रश्नात आहे. सूत विणकराने घ्यायचं तर त्याचे पैसे अडकतात आणि भाव वाढला की तोटा त्याच्या अंगावर येतो. म्हणून सूत तुम्ही घ्या, नाहीतर सुताची पूर्ण रक्कम आगाऊ द्या. मजुरीचा हिशेब वेगळा ठेवा आणि ती कापड हातात आल्या दिवशी द्या. विक्री झाल्यावर देऊ, ही भाषा या व्यवसायात वापरूच नये. विणलेल्या कापडाचा धोका त्याने नाही, आपण घ्यायचा असतो, कारण नफाही आपणच ठेवतो.

सुती कापडासाठी वर्ध्याला एक चक्कर नक्की मारा. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय आणि विनोबांच्या प्रेरणेने उभं राहिलेलं गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ, दोन्हीकडे कापूस ते कापड हा प्रवास डोळ्यांनी बघता येतो. नागपुरात विणकर सेवा केंद्र आहे. तांत्रिक प्रश्न असले तर तिथे जाऊन विचारायला संकोच करू नका. गांधीबाग आणि इतवारीच्या कापडबाजारातही जा, भाव आणि पोत दोन्ही कळतात, फक्त ‘हँडलूम’ म्हटलं की लगेच खरं धरू नका. यंत्रमागाचं कापड वाईट नसतं, पण ते हातमागाचं म्हणून विकणं ही फसवणूक आहे. टसरचा संशय आला तर एक धागा जाळून बघा: खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते.

हातमागाचं सुती कापड धुतल्यावर आटतं. कापण्याआधी पूर्ण कापड भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्या. एका स्टाइलसाठी लागणारं सगळं कापड एकाच लॉटमधलं घ्या, पुढच्या लॉटमध्ये रंगाची छटा बदलणारच. ग्राहकाला हे आधी सांगितलं तर ती समजून घेते, पार्सल उघडल्यावर कळलं तर परत पाठवते.

नैसर्गिक रंगांचं आकर्षण सगळ्यांना असतं, मलाही आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात पळस फुलतो, त्याच्या फुलांचा पिवळा-केशरी रंग मिळतो. दसऱ्यानंतर झेंडूचे ढीग फुकट मिळतात. हिरडा, डाळिंबाची साल, मंजिष्ठा, नीळ बाजारात मिळतात. पण नीळ सोडली तर रंग कापडावर धरतो तो तुरटीमुळे किंवा लोहामुळे, आणि पाणी बदललं की छटाही बदलते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळा मळकट होतो. पळसाचा रंग उन्हात लवकर उडतो, तेव्हा तो रोजच्या कपड्यापेक्षा ओढणीला बरा. प्रत्येक रंगाचा तुकडा अर्धा झाकून, अर्धा उघडा असा खिडकीत ठेवा आणि मग ठरवा काय विकायचं. आणि उरलेलं रंगाचं पाणी नालीत सोडायचं असेल तर आधी त्यात काय काय घातलंय ते बघा. ‘नैसर्गिक’ म्हणून सगळंच निरुपद्रवी होत नाही.

शिवणकामाचा पीस रेट, म्हणजे एका नगामागची मजुरी, बाजारभावावरून ठरवू नका. नमुना कुर्ता शिवताना शिवणाऱ्या ताईंच्या शेजारी घड्याळ घेऊन बसा. काज-बटण, ओव्हरलॉक, इस्त्री धरून किती वेळ लागला ते लिहा आणि आठ तासांच्या कामाची रक्कम सरकारी किमान वेतनापेक्षा वर जाईल असा रेट काढा. माझ्याकडे शिवणाऱ्या बऱ्याच जणी घरून काम करतात. त्यांची वीज, त्यांची मशीन, त्यांचा दोरा वापरला जात असेल तर तोही रेटमध्ये हवा.

मग किंमत. एक उदाहरण मांडते, आकडे तुमचे तुम्ही घाला. कुर्त्याला अडीच मीटर कापड, ३०० रुपये मीटरने ७५० रुपये. शिलाई ३५०, बटणं-दोरा ६०, धुणं-इस्त्री ३०, टॅग आणि पॅकिंग ४०, बिघडलेल्या नगांसाठी ५०. झाले १२८०. भाडं, वीज, फोटो, फोन यांचा वाटा २५० आणि तुमची स्वतःची मजुरी १५० धरली की १६८०. तुमची मजुरी म्हणजे नफा नव्हे, ती खर्चातच धरा. घरातली बाई फुकट राबते ही समजूत आपणच आपल्या धंद्यात आणायची नाही. त्यावर पाव टक्का नाही, पाव हिस्सा नफा धरला की २१००. आता एखाद्या बुटीकने ३५ टक्के कमिशन मागितलं तर हातात १३६५ येतात, म्हणजे दर नगामागे ३१५ रुपयांचा तोटा. म्हणून दुकानात माल ठेवायचा असेल तर कमिशन पहिल्या दिवसापासून किमतीत बसवा, नाहीतर थेट ग्राहकालाच विका. तोटा दिसला की हात आपोआप विणकराच्या मजुरीकडे जातो, आणि तिथेच सगळं बिघडतं.

जीएसटीची एक पायरी लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर गेलं की १८ टक्के. २५०० चा ड्रेस ग्राहकाला २६२५ ला पडतो, २६०० चा ३०६८ ला. किंमत २५०० च्या आसपास येत असेल तर अस्तर, बटणं, शिलाईची तपशीलवार कामं पुन्हा बघा. मजुरीला हात लावू नका.

टॅगवर काय लिहिता हेही कायद्याचं काम आहे. ‘खादी’ हा शब्द खादी आयोगाच्या खादी मार्कशिवाय वापरता येत नाही, कापड हाताने कातलेलं-विणलेलं असलं तरी. ‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर शेतापासून कापडापर्यंत प्रमाणपत्रांची साखळी हवी; भारतात २००२ मध्ये बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या, कापसाला परवानगी मिळाली, आज विदर्भात बहुतेक कापूस बीटीच आहे आणि बीटी कापूस ऑरगॅनिक धरत नाहीत. ‘भंडारा जिल्ह्यात हातमागावर विणलेलं, नागपुरात शिवलेलं’ एवढं खरं वाक्य पुरेसं आहे.

भांडवलाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. पीएमईजीपी या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत महिलांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. उद्यम नोंदणीचा आणखी एक उपयोग: लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. एका दुकानाने माझे पैसे बरेच अडवले होते, तेव्हा या कायद्याचा उल्लेख असलेलं साधं पत्र पाठवल्यावर ते मिळाले.

कतरन, म्हणजे कापताना उरलेले तुकडे, साठवा. त्यातून बटवे, पॅचवर्क, गोधड्या होतात आणि शिवणाऱ्या ताईंना मंदीच्या महिन्यात काम राहतं. शिवण उसवली तर फुकट दुरुस्त करून देते, हे मी प्रत्येक पार्सलमध्ये लिहून देते. त्यासाठी परत येणाऱ्या बायकाच पुढची खरेदी करतात.

शेवटी वेळेचं. भंडाऱ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. विणकरांच्या घरातल्या बायका तेव्हा शेतात असतात, कांड्या भरायला कुणी नसतं, माग मंदावतात. तेव्हा फोन करून घाई करण्यात अर्थ नाही आणि ते बरंही नाही. दिवाळीचं कापड हवं असेल तर सुताचे पैसे घेऊन मे महिन्यातच जा. ऊन चढायच्या आत गाव गाठता येईल अशी सकाळची एसटी धरा.