फौजी घरातलं रेशन आणि कॅन्टीन : या चुका टाळा

फौजेत मी क्लार्क होतो. नोकरीभर दुसऱ्यांचे कागद लावले, आता गावात बसून तेच करतो. पिशवीत कागद कोंबून कोणी ना कोणी येतंच, आणि चूक बहुतेक वेळा आधीच्या माणसानं केली तीच असते.

पहिली चूक, जिचा मला मनापासून वैताग आहे : ‘पोरगा बॉर्डरवर आहे, मग आम्हाला रेशन का नाही?’ रेशन वर्दीवर मिळत नाही, उत्पन्नावर मिळतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे रेशनच्या धान्याला पात्र घराची, वार्षिक उत्पन्न मर्यादा गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. त्यात बसलात तर माणशी ५ किलो धान्य, २०२३ पासून फुकट. लाखाच्या वर उत्पन्न गेलं की पांढरं कार्ड, त्यावर धान्य नाही.

आता हिशेब करा. नव्या शिपायाचं मूळ वेतन २१,७००, वर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे. महागाई भत्ता न धरताच वर्षाचे सव्वातीन लाख होतात. कुटुंब पेन्शन कमीत कमी ९,००० म्हटली तरी वर्षाला १,०८,०००. म्हणजे महिन्याला पेन्शन येणारं घर या मर्यादेत बसतच नाही. हे ऐकून माणसं माझ्यावरच चिडतात.

आणि मग शॉर्टकट शोधतात. आमच्या भागातले एक आजोबा. मुलगा भरती झाला, लग्न झालं, बायकोला घेऊन क्वार्टरला राहायला गेला. म्हातारा-म्हातारीची चूल खरोखर वेगळी होती. नमुना ९ भरून मुलाचं नाव कमी केलं असतं, तर दोघांचं कार्ड सरळ राहिलं असतं. पण कोणा एजंटानं सांगितलं, ‘नाव राहू दे, तेवढंच पाच किलो जास्त.’ छत्तीस हजारांचा उत्पन्नाचा दाखलाही त्यानंच आणून दिला. पडताळणी झाली तेव्हा पगारदार पोराचं नाव कार्डावर सापडलं आणि अख्खं कार्ड रद्द झालं. ज्यांचा हक्क खरा होता ते दोघे आठ महिने विकतचं धान्य खात होते. पाच किलोसाठी! पोराच्या नोकरीला डाग लागेल म्हणून आजोबांना झोप येत नव्हती, ते वेगळंच.

माझी सवय सांगतो. पोरगा ट्रेनिंगला गेला की त्याच महिन्यात नाव कमी करायचं. अग्निवीर असला तरी. पहिल्या वर्षाचं पॅकेज महिना ३०,००० आहे, हातात २१,००० येतात म्हणून तो गरीब ठरत नाही.

दुसरी चूक उलटी आहे. जे हक्काचं आहे ते मागायचंच नाही. नवरा गेल्यावर त्याचं कॅन्टीन कार्ड (फौजेच्या दुकानातून स्वस्तात सामान घ्यायचं) जमा करून विधवेनं स्वतःच्या नावाचं काढायचं असतं. पण बायका रेशन दुकानाच्या चकरा मारतात आणि कॅन्टीनचं कार्ड कपाटात मरून पडतं. एका काकूंचं हे काम मी हातात घेतलं तर नावातच घोळ. फौजेच्या रेकॉर्डला माहेरचं नाव ‘शकू’, आधारवर ‘शकुंतला’, बँकेत ‘शकुंतलाबाई’. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डातली लग्नाची नोंद, निघाली तेव्हा साहेबांनी जे सांगितलं ते क्लार्कनं लिहिलं. (तो क्लार्क माझ्यासारखाच कोणीतरी असणार, म्हणून फार बोलत नाही.) घाईघाईनं त्यांनी आधार दोनदा बदलून आणलं होतं, त्यामुळे गुंता वाढला. शेवटी प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस अशी वारी करून पाच महिन्यांनी कार्ड हातात आलं.

म्हणून कुठलाही अर्ज भरायच्या आधी मी सगळे कागद खाटेवर ओळीनं मांडतो. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) सगळ्यात वर. त्यातलं नाव एकेक अक्षर मोठ्यानं वाचतो, मग बाकीच्यांशी ताडतो. लोक हसतात. हसू देत. मोबाइलवर दोन मिनिटांत अर्ज ठोकणारेच पुढच्या महिन्यात माझ्या ओट्यावर बसलेले असतात.

बाकीचं थोडक्यात. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून आधी कमी करा, मगच नमुना ८ भरा. जवानाला युनिटमध्ये मिळणारं रेशन त्याच्या पोटासाठी असतं, घरच्यांचा त्यावर हक्क नाही. रेशन कार्डाच्या ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्यासाठी, कोणाला रजा काढायला लावू नका. परगावच्या रेशन दुकानातही अंगठा चालतो. पांढरं कार्ड फेकून देऊ नका, महात्मा फुले जनआरोग्य योजनेला आता तेही चालतं. कॅन्टीन कार्ड शेजाऱ्याला मिक्सर आणायला देणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

पेन्शन नसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा मात्र माझ्याकडे सगळ्यात कमी येतात. त्यांचं रेशन उत्पन्नात बसू शकतं. शिवाय हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, ६५ वर्षांवरच्यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला मदत मिळते. ती ४,००० होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली. तुमच्या आळीत असं कोणी असेल तर डिस्चार्ज बुक घेऊन त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्या. सकाळी लवकर न्या, जेवणाच्या सुट्टीनंतर रांग हलत नाही.