अधूनमधून अडणारी ऑटोमॅटिक गाडी: गिअरबॉक्स उघडण्याआधी काय करावे

सिग्नल सुटतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन गुरगुरते, पण गाडी जागची हलत नाही. मागचे हॉर्न वाजू लागतात तोवर झटका देऊन ती निघतेही. आणि गॅरेजच्या दारात नेली की शहाण्या पोरासारखी वागते. मग मेकॅनिक एक चक्कर मारून "काही नाही, चालवा बिनधास्त" म्हणतो, नाहीतर न तपासताच "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असे सांगतो. यातले कोणतेच उत्तर लगेच मान्य करू नका. आतले भाग झिजले असतील तर त्रास सहसा वाढत जातो आणि रोज दिसू लागतो. येणारा-जाणारा बिघाड असेल तर संशय आधी वायरिंग, सेन्सर, बॅटरी, तेल आणि उष्णता यांच्यावर घ्यावा. ही तपासणी स्वस्तात होते.

आपला ऑटोमॅटिक कोणता?

एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो. २०१४ मध्ये सेलेरिओतून हा प्रकार आपल्याकडे आला. मारुती त्याला एजीएस म्हणते. यात नेहमीची क्लच प्लेट असते आणि ती झिजते. टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर चालतो. होंडा सिटी, अमेझ यांच्या सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, दोन पुलींवरून धातूचा पट्टा फिरतो. डीसीटी किंवा डीएसजीत दोन क्लच असतात.

हे माहीत असले की निम्म्या तक्रारी तक्रारी राहत नाहीत. एएमटीने गिअर बदलताना मान हलणे, सीव्हीटीत आधी आवाज वाढून मग वेग येणे, हे त्यांचे स्वभाव आहेत. डीसीटी तुंबलेल्या रहदारीत थरथरली किंवा क्लच तापल्याचा इशारा आला, तर बाजूला घेऊन पार्कमध्ये उभी करा, निवू द्या. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय मात्र एएमटी आणि डीसीटी दोघांचेही क्लच जाळते.

बिघाड टिपून ठेवा

सगळ्यात कामाची पायरी हीच, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. मोबाइलमध्ये एक नोंद उघडा. त्रास झाला की गाडी थांबवल्यावर लिहा: इंजिन थंड होते की तापलेले, वेग किती होता, डॅशबोर्डवर कोणता गिअर दिसत होता, कोणता दिवा लागला, चढ होता की खड्डा, पाऊस होता का, एसी चालू होता का, बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ठीक झाली का. शेजारी कोणी बसले असेल तर त्यांना डॅशबोर्डचे चित्रीकरण करायला सांगा.

चार-पाच नोंदी झाल्या की बहुधा मेळ दिसू लागतो. फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला अडते? बॅटरी बघा. तासभर रहदारीत राहिल्यावरच गिअर घसरतो? तेल, सोलेनॉइड (तेलाचा प्रवाह नियंत्रित करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), क्लच. खड्ड्यात आपटल्यावर दिवा लागतो? कुठेतरी कनेक्टर सैल आहे. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर? कनेक्टरमध्ये पाणी शिरत असेल. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीरही आसरा घेतात आणि वायर कुरतडतात, तेव्हा लेंड्या दिसतात का तेही बघा.

घरच्या घरी काय तपासाल

सुरुवात ब्रेक लाइटपासून करा. न्यूट्रलमधून गिअर टाकायला ब्रेक दाबल्याचा सिग्नल कॉम्प्युटरला मिळावा लागतो. पेडलजवळचा छोटा स्विच कधी लागतो, कधी लागत नाही अशा अवस्थेत असेल, तर गिअर पडायला नकार देतो. कोणाला तरी मागे उभे करा आणि दहा-बारा वेळा ब्रेक दाबा. दिवा एकदाही चुकला, तर स्विच बदलून घ्या. किरकोळ काम आहे.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो, १२.२ च्या खाली असेल तर लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची तपासणी) करून घ्या. इंजिन सुरू असताना १३.५ ते १४.५ च्या आसपास अपेक्षित असते, काही नव्या गाड्या मात्र चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात. टर्मिनल घट्ट आहेत का, पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का, बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर सैल आहे का, तेही पाहून घ्या. व्होल्टेज पडले की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गोंधळतो आणि दोष मात्र गिअरबॉक्सवर येतो.

तेलाबद्दल जरा जपून. डिपस्टिक असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनेच बघा. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत बंद करून. पुष्कळ गाड्यांना आता डिपस्टिकच नसते, तिथे ठरावीक तापमानाला गॅरेजमध्येच पातळी तपासावी लागते. तेल करपलेल्या वासाचे, काळपट किंवा चमचमत्या कणांचे असेल तर ते गंभीर. सीव्हीटीत साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे नेहमीचे तेल) कधीही ओतू नका, आणि पातळीपेक्षा जास्तही भरू नका. जास्त तेलाचा फेस होतो आणि दाब बिघडतो. "लाइफटाइम ऑइल" या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. आपल्याकडचे ऊन आणि रहदारी पाहता मॅन्युअलमधले कठीण वापरासाठीचे वेळापत्रक पाळलेले बरे.

कोड पुसण्याआधी वाचा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड काढता येतात. पण पी ०७०० आला म्हणून गिअरबॉक्स गेला असे नाही. तो फक्त सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे वेगळी नोंद आहे. खरी माहिती त्याच्या पुढच्या कोडमध्ये असते: पी ०७०५ गिअर कुठे आहे हे सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटबद्दल, पी ०७१५ आणि पी ०७२० वेगाच्या सेन्सरबद्दल. स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरला हे पुढचे कोड कित्येकदा वाचताच येत नाहीत, त्यासाठी गॅरेजचा चांगला स्कॅनर हवा. कोड आणि फ्रीझ फ्रेमचा (बिघाडाच्या क्षणी नोंदलेल्या आकड्यांचा) फोटो घेतल्याशिवाय कोणालाही ते पुसू देऊ नका. "बॅटरी काढून लावा, सगळे ठीक होईल" या सल्ल्यानेही पुरावा जाऊ शकतो. आणि कोड सेन्सरचा आहे म्हणून थेट सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर आणि कनेक्टर तपासायला सांगा.

रस्त्यात अडलीच तर

हॅझर्ड लावा, डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा. उभ्या गाडीत इंजिन बंद करून मिनिटभराने सुरू करा. लिंप मोडमध्ये (बिघाड दिसताच कॉम्प्युटर ताकद किंवा गिअर मर्यादित करतो त्या अवस्थेत) गेलेली गाडी अनेकदा यातून सुटते. पण त्या भरवशावर घाट चढू नका. घसरत असेल आणि जळका वास येत असेल, तर रेस देत राहू नका. टोइंग करायचे तर फ्लॅटबेड मागवा, किंवा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाके उचलूनच न्यायला सांगा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

गॅरेजमध्ये

तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या: "गिअर प्रॉब्लेम" नको, "तापल्यावर दुसऱ्यातून तिसरा पडत नाही" असे हवे. दोष सापडला नाही तरी तसे लिहून त्याची प्रत घ्या. वॉरंटी संपायला आली असेल तर हाच कागद पुढे उपयोगी पडतो. मेकॅनिकला त्रास होणाऱ्या रस्त्यावर, त्याच वेळी, स्कॅनर लावून शेजारी बसवा. थंड गाडी गल्लीत फिरवून काहीच कळत नाही.

क्लच, अ‍ॅक्च्युएटर किंवा व्हॉल्व्ह बॉडीचे (गिअरबॉक्समधला तेलाचा दाब वळवणाऱ्या भागाचे) काम झाल्यावर स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन (कॉम्प्युटरला नव्या भागाशी जुळवून घेणे) केले का ते विचारा. ते राहिले तर नवा भाग बसवूनही झटके येतात. पूर्ण गिअरबॉक्सचा खर्च सांगितला, तर दुसऱ्या गॅरेजचे लेखी मत घ्या आणि दोघांनाही तुमच्या नोंदी दाखवा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या, आणि पैसे चुकते करण्याआधी गाडी निदान अर्धा तास रहदारीत तापवून बघा.