एमआरआयच्या कच्च्या सिग्नलमधून गुडघ्याचं चित्र कसं काढावं

आईच्या गुडघ्याचा एमआरआय झाला तेव्हा तपासणीची सीडी मी मोठ्या हौसेनं लॅपटॉपात घातली. निघाल्या त्या तयार प्रतिमा. कच्चा सिग्नल सहसा यंत्रापाशीच राहतो, पेशंटच्या हातात पडत नाही. म्हणून नाशिकला घरी बसून हा उद्योग करायचा तर न्यूयॉर्क विद्यापीठाचा 'फास्टएमआरआय' संच मागवा. अर्ज भरला की अभ्यासासाठी फुकट मिळतो. फायली अवजड आहेत. गुडघ्याच्या, एका कॉइलच्याच (कॉइल म्हणजे शरीराजवळ ठेवलेलं, सिग्नल टिपणारं वेटोळं) घ्या.

पायथनमध्ये फाईल उघडा, मधला एखादा काप निवडा. हाती येते ती संमिश्र संख्यांची (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या) जाळी. हाच कच्चा सिग्नल, याला म्हणतात के-स्पेस. तशीच पाहिली तर मधोमध उजळ ठिपका, बाकी काळोख. मूल्यांचा लॉगरिदम घेतला की आकृती जरा उलगडते, पण गुडघा कुठेच नाही!

गणपतीत मेन रोडवरून ढोलपथक येताना आठवा. लांबून आधी ढोलाचा ठोका पोचतो, ताशाची तडतड मागाहून. के-स्पेसचा मध्य म्हणजे ढोल: गुडघ्याचा ढोबळ आकार, उजेड-अंधार. कडांना ताशा: हाडाची रेघ, कूर्चेची धार. कोणता ठोका किती जोराचा, हे जाळीत नोंदलेलं आहेच. उलट फूरियर रूपांतर हे गणित सगळे ठोके एकत्र वाजवून चित्र उभं करतं.

नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत त्यासाठी तीन आज्ञा आहेत, क्रम असा: आयएफएफटीशिफ्ट, आयएफएफटी२, एफएफटीशिफ्ट. शेवटचं विसरलात तर गुडघ्याचे चार तुकडे होऊन चार कोपऱ्यांत जातात. माझे गेले होते, आणि मी तासभर फाईललाच दोष देत बसलो. मग निरपेक्ष मूल्य घ्या. नुसता वास्तव भाग घेतला तर चित्रावर नको ते काळे पट्टे येतात. शेवटी मधला ३२० × ३२० बिंदूंचा भाग कापून ठेवा.

आता खरी गंमत. के-स्पेसचा फक्त मधला ४० × ४० तुकडा ठेवा: गुडघा ओळखू येतो, पण धुक्यातला. उलट मध्यच पुसा: नुसत्या कडा उरतात. मग एकाआड एक उभी रांग शून्य करा. यंत्रानंच त्या रांगा गाळल्या तर स्कॅनचा वेळ निम्मा होईल, पण अर्धी चौकट सरकलेला दुसरा गुडघा पहिल्यावर येऊन बसतो. हे दोन गुडघे सोडवायला एक कॉइल पुरत नाही. प्रत्येक कॉइलला जवळचा भाग जास्त उजळ दिसतो, या फरकावरून ते वेगळे करायची 'सेन्स' पद्धत १९९९ साली आली. तिच्यासाठी बहुकॉइल फायली उतरवा, आणि हार्डडिस्कवर जागा करून ठेवा.